बंद घराची राखण : गृहसुरक्षेतील स्वयंचलित नियमांची मांडणी – पेण व रोहा परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश

घराच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांमध्ये ‘अमुक घडले तर तमुक कर’ अशा स्वरूपाचे स्वयंचलित नियम आखण्याची सोय आता सामान्य ग्राहकासही उपलब्ध झाली आहे. परंतु यंत्रणा बसविणे आणि नियम आखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले काम तंत्रज्ञाचे आहे, तर दुसऱ्यासाठी घराची, गावाची आणि हवामानाची जाण लागते. प्रस्तुत लेखात अशा नियमांची घडण स्पष्ट केली असून रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांची परिस्थिती समोर ठेवून ते कसे मांडावेत याचे विवेचन केले आहे. इशाऱ्याची खात्री जितकी अधिक तितकीच कृती प्रखर असावी आणि प्रत्येक नियमाचे शेवटचे टोक प्रत्यक्ष येऊ शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचलेले असावे, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : गृहसुरक्षा, संवेदक, निमित्त, अट, कृती, खोटा इशारा, शेजार.

१. प्रस्तावना

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन जुनी तालुक्याची गावे. पेण हे मुंबई–गोवा महामार्गावरील बाजारपेठेचे गाव असून गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ते देशभर ओळखले जाते. हमरापूर, जोहे, कळवे या आसपासच्या गावांतही हा व्यवसाय घरोघर चालतो. कुंडलिकेच्या काठचे रोहा हे कोकण रेल्वेचे उत्तरेकडील प्रारंभस्थान असून लगतच्या धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. दोन्ही ठिकाणांहून मुंबई, ठाणे, पनवेल या शहरांकडे शिक्षण व नोकरीनिमित्त सतत स्थलांतर होत आले आहे. परिणामी, वर्षातील बराच काळ कुलूप असणारी आणि गणपती, होळी वा मे महिन्याच्या सुट्टीत उघडणारी घरे येथे मोठ्या संख्येने आढळतात. काही घरांत केवळ वृद्ध आईवडील राहतात.

पूर्वी अशा घराची राखण शेजार करीत असे. किल्ली शेजारी ठेवली जाई, संध्याकाळी दिवा लावला जाई आणि अनोळखी माणूस परसदारी दिसला तर ‘कोण रे तिकडे?’ अशी हाक येई. आज शेजारचे घरही अनेकदा बंदच असते. त्यामुळे कॅमेरे, दारावरील संवेदक, भोंगे इत्यादी साधनांकडे लोक वळले आहेत.

सुरक्षेचा प्रश्न केवळ साधनांचा नाही, याचे स्मरण जिल्ह्यातील एक घटना करून देते. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी जमिनीत सापडलेल्या सुवर्णगणेशाच्या मंदिरावर २४ मार्च २०१२ रोजी पहाटेच्या सुमारास दरोडा पडला आणि त्यात दोन राखणदारांना प्राण गमवावे लागले. राखणदार असणे आणि त्याच्यावरील संकटाची वार्ता त्याच क्षणी इतरांपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा विचार या घटनेच्या निमित्ताने करावा लागतो. स्वयंचलित यंत्रणेचे खरे कार्य ही वार्ता वेळेवर पोहोचविणे हेच होय.

२. पूर्वपीठिका

दार उघडताच घंटा वाजावी ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विद्युतचुंबकीय घंटेचे एकस्व घेतले. दार वा खिडकी उघडताच विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटा वाजू लागे. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेऊन त्यास व्यवसायाचे रूप दिले. न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने पतीसह १९६६ मध्ये कॅमेरा, दूरचित्रवाणीचा पडदा आणि मदत मागविण्याचे बटण यांची सांगड घालणाऱ्या गृहसुरक्षा यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते एकस्व १९६९ मध्ये मिळाले. अवेळी ड्यूटी करणाऱ्या पतिपत्नींच्या घरात एकटेपणी जाणवणारी असुरक्षितता ही त्या शोधामागची प्रेरणा होती.

पोप यांच्या घंटेत एक कारण आणि एक परिणाम होता. आजच्या यंत्रणेत अनेक कारणे, त्यांना जोडलेल्या अटी आणि अनेक परिणाम यांची गुंफण करता येते. २०१० नंतर ‘हे घडले तर ते कर’ या सूत्रावर आधारित संगणकीय सेवा लोकप्रिय झाल्या आणि संगणकाची भाषा न शिकताही असे नियम लिहिणे शक्य झाले. सोय वाढली, त्याबरोबर चुकीचे नियम लिहिण्याची शक्यताही वाढली.

३. नियमाची तीन अंगे

कोणत्याही स्वयंचलित नियमाची तीन अंगे असतात. बाजारातील माहितीपत्रकांत पहिल्या अंगास ‘ट्रिगर’ म्हणतात. या लेखात त्यास ‘निमित्त’ असे म्हटले असून उरलेल्या दोहोंस ‘अट’ आणि ‘कृती’ या संज्ञा योजल्या आहेत.

निमित्त म्हणजे संवेदकाने टिपलेली घटना. गृहसुरक्षेत पुढील संवेदक प्रामुख्याने वापरले जातात. दारावरील चुंबकीय संवेदकात चौकटीवर एक बंदिस्त कळ आणि फळीवर एक चुंबक असतो. दोहोंतील अंतर वाढले की कळ आपली स्थिती बदलते. हालचाल टिपणारा अवरक्त संवेदक माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता आणि पार्श्वभूमीची उष्णता यांतील फरक ओळखतो. याखेरीज काच फुटल्याचा आवाज, धूर, तापमान व जमिनीवरील पाणी ओळखणारे संवेदक असतात.

अट म्हणजे निमित्त घडल्यावर पुढे जायचे किंवा नाही हे ठरविणारी कसोटी. घरात कोणी आहे काय, यंत्रणा कोणत्या स्थितीत ठेवली आहे, दुसऱ्या संवेदकानेही काही टिपले काय, असे प्रश्न या टप्प्यावर विचारले जातात.

कृती म्हणजे यंत्रणेने करावयाचे काम : दिवा लावणे, चित्रण सुरू करणे, संदेश पाठविणे, दूरध्वनी करणे, भोंगा वाजविणे.

अनुभव असा आहे की ग्राहक निमित्त आणि कृती यांकडे लक्ष देतो आणि अटीकडे दुर्लक्ष करतो. ‘दार उघडले की भोंगा’ हा नियम लिहावयास सोपा आहे. परंतु तो अट नसलेला नियम आहे, आणि बहुतेक खोटे इशारे अटींच्या अभावातून जन्माला येतात.

४. स्थानिक परिस्थिती आणि संवेदकांचे वर्तन

यंत्रणेसोबत येणाऱ्या पुस्तिका कोरड्या हवेतील पक्क्या घराचे चित्र समोर ठेवून लिहिलेल्या असतात. पेण–रोहा परिसरात पुढील बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

(अ) पाऊस व दमटपणा : रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश चार महिन्यांत पडतो. जुन्या घरांची सागवानी दारे आषाढात फुगतात आणि दिवाळीनंतर आक्रसतात. उन्हाळ्यात नीट जुळविलेले चुंबक व कळ यांतील अंतर पावसाळ्यात बदलते. दार पूर्ण बसत नाही, वाऱ्याने हलते आणि संवेदक ‘दार उघडले’ असे कळवितो. म्हणून चुंबकीय संवेदक मृगापूर्वी एकदा आणि आश्विनात एकदा जुळवून घ्यावा.

(आ) पाली, कोळी आणि मांजरे : पडवीतील अवरक्त संवेदकाच्या भिंगासमोरून पाल गेली तरी ती जवळ असल्याने मोठी भासते. असा संवेदक छपराच्या वाशांजवळ न बसविता मोकळ्या भिंतीवर, सुमारे सात फूट उंचीवर आणि शक्यतो माजघरात बसवावा.

(इ) उन्हाळा : एप्रिल–मे महिन्यांत पत्र्याखालील वा कौलांखालील खोलीचे तापमान शरीराच्या पृष्ठभागाच्या तापमानाजवळ येते. माणूस आणि पार्श्वभूमी यांतील फरकच कमी झाल्याने अवरक्त संवेदकाची क्षमता घटते. पावसाळ्यात उगाच ओरडणारा संवेदक उन्हाळ्याच्या दुपारी मुका राहू शकतो.

(ई) मूर्तींचे कारखाने : पेण परिसरात घर आणि कारखाना अनेकदा एकाच आवारात असतात. तेथे चोरीइतकीच, किंबहुना अधिक भीती आगीची असते, कारण रंग, थिनर, गवत, कागद आणि लाकडी मांडण्या जवळजवळ असतात. परंतु घासकामाची भुकटी आणि फवाऱ्याने दिलेल्या रंगाचे तुषार यांमुळे धुराचा संवेदक वारंवार फसतो. अशा जागी ठरावीक तापमानास, साधारणतः ५७ अंश सेल्सिअसला, जागा होणारा उष्णता–संवेदक योग्य ठरतो. हाच विचार देवघरालाही लागू आहे, कारण धूप–उदबत्ती आणि धूर–संवेदक यांचे जमत नाही.

(उ) पाळीची नोकरी : धाटावच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम चालते. रात्री अकराला निघणारा वा पहाटे घरी परतणारा माणूस ज्या घरात आहे, तेथे ‘रात्री दहानंतर दार उघडल्यास भोंगा’ हा घड्याळावर चालणारा नियम निरर्थक ठरतो. तेथे यंत्रणेची स्थिती घड्याळाने न बदलता माणसाने, म्हणजे किल्लीसोबतच्या बटणाने वा संकेतांकाने, बदलावी.

(ऊ) कारखान्यांचे भोंगे : रासायनिक वसाहतीत भोंग्याला विशिष्ट अर्थ असतो. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना आणीबाणीची योजना ठेवावी लागते आणि लोकांना सावध करणारा भोंगा हा तिचा भाग असतो. घरगुती भोंग्याचा आवाज त्याच्याशी मिळताजुळता असेल तर दोन्हींचा अर्थ पुसट होतो. वसाहतीजवळच्या घरांनी लांब, चढत्या सुराचा भोंगा न निवडता तुटक आवाजाचा निवडावा.

(ए) पूर : अतिवृष्टीत कुंडलिका इशारा पातळी ओलांडते आणि काठच्या वस्तीत पाणी येते. बंद घराच्या जोत्यावर बसविलेला अल्पमोली पाणी–संवेदक येथे कॅमेऱ्याहून उपयुक्त ठरू शकतो. पाणी चोराप्रमाणे लपून येत नाही, पण घरात कोणी नसेल तर तेही कळत नाही.

५. खोट्या इशाऱ्याचे गणित

नियम कसे लिहावेत हे ठरविण्यापूर्वी एक साधे गणित मांडणे आवश्यक आहे. पुढील आकडे प्रत्यक्ष पाहणीतील नसून केवळ विवेचनासाठी गृहीत धरले आहेत.

समजा, एका घरात दहा वर्षांतून एकदा खरी घुसखोरी होते आणि तेथील एक संवेदक महिन्यातून दोनदा खोटा इशारा देतो. म्हणजे वर्षाला २४ आणि दहा वर्षांत २४० खोटे इशारे होतात, तर खरा इशारा एक. प्रत्येक इशाऱ्यावर भोंगा वाजत असेल तर शेजारच्या काका–काकूंची झोप २४१ वेळा मोडेल आणि त्यांपैकी २४० वेळा व्यर्थ मोडेल. चौथ्या–पाचव्या वेळेनंतर ते उठणार नाहीत आणि यात त्यांचा दोष नाही. संवेदक उत्तम असूनही यंत्रणा निरुपयोगी ठरते ती येथेच. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, परंतु यंत्राला शिकविण्यास विसरतो.

आता दोन स्वतंत्र संवेदक घेऊ : दारावरचा आणि माजघरातला. दोन्ही वर्षाला २४ वेळा चुकतात असे धरू. दोन्ही एकमेकांपासून ६० सेकंदांच्या आत जागे झाले तरच भोंगा वाजावा अशी अट घातली, तर दोघांच्या चुका योगायोगाने एकत्र येण्याची शक्यता वर्षाला २४ × २४ × २ ÷ ५,२५,६०० इतकी, म्हणजे सुमारे ०.००२२ येते. येथे २ मिनिटे हा मागचा–पुढचा मिळून अवधी असून ५,२५,६०० ही वर्षातील मिनिटे आहेत. याचा अर्थ, असा खोटा भोंगा साधारण साडेचारशे वर्षांतून एकदा वाजेल.

हा निकाल आकर्षक असला तरी त्यात दोन त्रुटी आहेत. पहिली, दोन्ही संवेदकांच्या चुका स्वतंत्र आहेत हे गृहीतक नेहमी टिकत नाही. वीज जाऊन परत आली की तिच्यावर चालणारे सर्व संवेदक एकाच वेळी पुन्हा सुरू होतात आणि एकाच वेळी चुकू शकतात. जवळ कोसळलेल्या विजेचाही असाच परिणाम होतो. म्हणून किमान एक संवेदक स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असावा. ‘वीज परतल्यावर काही मिनिटे सर्व इशारे दुर्लक्षावेत’ असा नियम काही जण लिहितात, पण तो धोकादायक आहे. बाहेरील मुख्य कळ बंद–चालू करणाऱ्यास तो मोकळी वाट देतो.

दुसरी त्रुटी अशी की, खात्री वाढविली की पकड सैल होते. प्रत्येक संवेदक शंभरातून ९५ वेळा खरी घुसखोरी टिपत असेल, तर दोघांनी मिळून टिपण्याचे प्रमाण सुमारे ९० वर येते. म्हणजे निसटण्याचे प्रमाण पाचावरून जवळजवळ दहापर्यंत जाते. खोटे इशारे टाळणे आणि खरा इशारा न चुकविणे ही दोन उद्दिष्टे परस्परांस ओढतात. यावरचा मार्ग कृतींची पायरी लावणे हा होय.

६. नियमांची मांडणी

पायऱ्यांचे तत्त्व असे आहे : खात्री कमी असताना कृती मूक असावी आणि खात्री वाढेल तशी ती प्रखर व्हावी. एका संवेदकाच्या निमित्ताने फक्त दिवा आणि चित्रण, तर दोन संवेदकांच्या निमित्ताने दूरध्वनी आणि भोंगा.

प्रथम यंत्रणेच्या तीन स्थिती निश्चित कराव्यात. ‘घरी’ या स्थितीत फक्त आग, पाणी व मदतीचे बटण जागे असावे. ‘निद्रा’ या स्थितीत बाहेरील दारे जागी असावीत, परंतु आतील हालचाल दुर्लक्षिली जावी, कारण रात्री पाणी प्यायला उठणारे आजोबा चोर नव्हेत. ‘बाहेरगावी’ या स्थितीत सर्व संवेदक जागे असावेत. त्यानंतर पुढील सात नियम पुरेसे होतात.

नियम १. निमित्त : पडवी वा अंगणात हालचाल. अट : ‘बाहेरगावी’ किंवा ‘निद्रा’, आणि अंधार. कृती : ओटीवरचा दिवा तीन मिनिटे लावणे, चित्रण सुरू करणे. कोणासही संदेश नाही.

नियम २. निमित्त : दार उघडणे. अट : ‘बाहेरगावी’. कृती : ३० सेकंद हलका टणत्कार, ज्या अवधीत घरच्या माणसास संकेतांक देता येईल, न दिल्यास घरमालकास व शेजाऱ्यास संदेश.

नियम ३. निमित्त : दार उघडणे व माजघरातील हालचाल, ६० सेकंदांच्या आत. अट : ‘बाहेरगावी’ आणि ३० सेकंदांत संकेतांक न मिळणे. कृती : आधी शेजाऱ्यास, लगेच घरमालकास दूरध्वनी, आणि तीन मिनिटे भोंगा.

नियम ४. निमित्त : धूर वा उष्णता. अट : कोणतीही नाही. कृती : भोंगा, सर्व दिवे, सर्वांस दूरध्वनी, विजेवर चालणारे कुलूप असल्यास ते उघडणे.

नियम ५. निमित्त : जोत्यावर पाणी. अट : दोन मिनिटे सतत पाणी असणे. कृती : शेजाऱ्यास व मालकास संदेश.

नियम ६. निमित्त : मदतीचे बटण दाबणे. अट : कोणतीही नाही. कृती : शेजाऱ्यास व नातलगास दूरध्वनी, ओटीवरचा दिवा. एकट्या वृद्धांसाठी हा नियम इतर सर्व नियमांहून महत्त्वाचा आहे.

नियम ७. निमित्त : यंत्रणेचे मौन, म्हणजे बारा तासांत ‘ठीक आहे’ असा संदेश न येणे. कृती : मालकास सूचना. हा नियम घरातील यंत्राकडे न ठेवता बाहेरच्या सेवेकडे वा दुसऱ्या घरातील यंत्राकडे ठेवावा, कारण बंद पडलेले यंत्र स्वतःच्या बंद पडण्याची वार्ता देऊ शकत नाही.

तिसऱ्या नियमात शेजाऱ्यास मालकाच्या आधी स्थान दिले आहे, ते हेतुपुरस्सर. मालक त्या वेळी मुंबईत लोकलच्या गर्दीत वा वर्गात शिकवीत असू शकतो. त्याच्या हाती भ्रमणध्वनी असला तरी त्याचे पाय दोन–तीन तासांच्या अंतरावर असतात. शेजारी दोन मिनिटांच्या अंतरावर असतो. मात्र शेजाऱ्याचे काम चोराला धरणे हे नव्हे. दिवे लावावेत, आणखी दोघांना जागे करावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे, एवढीच अपेक्षा त्याच्याशी आधी बोलून ठरवावी. त्याच्या संमतीवाचून त्याचा क्रमांक यंत्रणेत घालणे हे सौजन्यास धरून नाही.

७. वीज आणि संपर्क

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले, भ्रमणध्वनी सेवा विस्कळीत झाली आणि काही गावांत वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. गृहसुरक्षेचा आराखडा करताना हा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर–तास क्षमतेच्या सर्वपरिचित बॅटरीत ८४ वॅट–तास ऊर्जा असते. राऊटर आणि कॅमेरा मिळून १५ वॅट लागत असतील तर हिशेबाने साडेपाच आणि प्रत्यक्षात सुमारे चार तास यंत्रणा चालेल. त्याउलट, केवळ नियंत्रक व सिमकार्डाचा भाग मिळून २ वॅट लागत असतील तर तीच बॅटरी एक दिवसाहून अधिक पुरेल. म्हणून वीज जाणे हेच एक निमित्त मानून ‘वीज गेल्यास कॅमेरे बंद, संवेदक व भोंगा चालू’ असा आठवा नियम जोडणे हितावह ठरते. चित्रापेक्षा वार्ता महत्त्वाची.

दुसरा प्रश्न नियम कोठे चालतात हा आहे. काही यंत्रणांत निमित्ताची नोंद इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जाते आणि कृतीचा आदेश तेथून परत येतो. तार तुटली की दार आणि भोंगा एकाच घरात असूनही त्यांचा संवाद थांबतो. नियम घरातील नियंत्रकातच चालतात काय, हे खरेदीपूर्वी राऊटर बंद करून पाहावे. इंटरनेटचा उपयोग संदेशासाठी असावा, भोंग्यासाठी नव्हे.

८. कायद्याच्या व नीतीच्या मर्यादा

स्वयंचलित कृतीने कोणास इजा होता कामा नये, हा पहिला दंडक होय. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे, दाराच्या कडीला तार जोडणे असे प्रकार अधूनमधून घडतात आणि त्यात गुरे, वाटसरू, प्रसंगी घरचीच माणसे बळी पडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे ३४ ते ४४ मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क मान्य करतात. परंतु हा हक्क आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्यापर्यंत जात नाही. यंत्राला आवश्यकता ओळखता येत नाही. चोर आणि चेंडू शोधायला आलेला मुलगा त्याला सारखेच.

दुसरा दंडक : आगीच्या वेळी दार अडू नये. विजेवर चालणारे कुलूप वीज गेल्यावर आतून हाताने उघडता आलेच पाहिजे.

तिसरा : भोंगा आपोआप थांबला पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर भोंग्याचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. मालक मुंबईत आणि भोंगा सकाळपर्यंत चालू, ही आळीची शिक्षा आहे.

चौथा : कॅमेऱ्याची नजर आपल्या अंगणापुरतीच असावी. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम, २०२३ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापरास लागू होत नाही, तरी त्यामुळे शेजारणीच्या परसदारी कॅमेरा रोखण्याची मुभा मिळत नाही. कोणाच्या खासगी अंगाचे चित्रण संमतीविना करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६–ई खाली गुन्हा आहे. आणि ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर यंत्रणा उभी आहे, त्याच्यावरच पाळत ठेवणे यात विसंगती आहे.

पाचवा : यंत्रणेचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व तत्सम उपकरणे केवळ कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द वापरून ताब्यात घेतली होती. आपल्या घराची राखण करणारा डोळा दुसऱ्याच्या हाती जाणे हे कुलूप फुटण्यापेक्षा वाईट.

९. चाचणी व देखभाल

नियम लिहून झाल्यावर पहिले दोन आठवडे भोंगा बंद ठेवून फक्त नोंदी घ्याव्यात. कोणता संवेदक कधी व कशामुळे जागा झाला हे वहीत लिहावे. ज्या संवेदकाच्या नोंदी स्पष्ट करता येत नाहीत, त्याची जागा बदलावी. त्यानंतरच भोंगा जोडावा. पुढे वर्षातून तीनदा चाचणी करावी : मृगापूर्वी, गणेशोत्सवाला घर उघडते तेव्हा आणि होळीच्या सुमारास. या चाचणीत शेजाऱ्यास प्रत्यक्ष दूरध्वनी जातो किंवा नाही हे पाहावे. त्याचा क्रमांक बदललेला असतो, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी त्रुटी होय. संवेदकांच्या बॅटऱ्या गणेशोत्सवात बदलण्याची प्रथा पाडल्यास त्या विसरल्या जात नाहीत.

महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांना येथे कार्य करण्यास वाव आहे. संवेदकांच्या खोट्या इशाऱ्यांची ऋतुनिहाय नोंद हा विद्यार्थ्यांसाठी अल्पखर्चिक आणि उपयुक्त प्रकल्प ठरू शकेल. आपल्या परिसरातील दमट हवेत कोणता संवेदक किती वेळा चुकतो, हे बाहेरून आलेल्या पुस्तिकेतून कळणार नाही. ते येथेच मोजावे लागेल.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, स्वयंचलित नियमाची गुणवत्ता संवेदकाच्या किमतीवर नव्हे तर अटींच्या नेमकेपणावर अवलंबून असते. दोन, एका संवेदकाच्या निमित्ताने मूक कृती व दोन स्वतंत्र संवेदकांच्या निमित्ताने प्रखर कृती, ही पायरी खोट्या इशाऱ्यांपासून शेजाऱ्याचा विश्वास वाचविते. तीन, पेण–रोह्यासारख्या प्रदेशात पाऊस, वीजपुरवठा, पाळीची नोकरी आणि बंद घरे यांचा विचार न करता आखलेले नियम पहिल्या पावसाळ्यातच मोडतात. चार, यंत्राचे मौन हेही एक निमित्त मानले पाहिजे. पाच, यंत्राने वार्ता द्यावी, निवाडा माणसाने करावा.

शेजाराची उणीव भरून काढण्यासाठी आपण यंत्राकडे वळलो. परंतु यंत्राची शेवटची कृती कोणाला तरी हाक मारणे हीच असते, आणि त्या हाकेला ओ देणारा कोणी नसेल तर उत्तमातील उत्तम यंत्रणा रिकाम्या घरात वाजणारी घंटा ठरते. म्हणून यंत्रणा विकत घेण्यापूर्वी शेजारी जाऊन बसावे, चहा घ्यावा आणि आपली किल्ली व आपला क्रमांक त्यांच्यापाशी ठेवावा. त्यानंतर लिहिलेल्या नियमांना खरा अर्थ येतो.